बोटीचे जुने डिझेल इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?



गलोंड्यात बसून बोटीच्या इंजिनावर लेख कशासाठी, असे काहींना वाटेल. आपल्याकडे डोंगर आहेत, भातशेती आहे, सिल्वासाचे कारखाने आहेत. समुद्र मात्र दमणला गेल्याशिवाय दिसत नाही. तरीही आपल्यापैकी बऱ्याच घरांची मुळे किनाऱ्यावर आहेत. कोणाचे गाव डहाणूकडे, कोणाचे पालघर-सातपाटीकडे, तर कोणाचे थेट रत्नागिरी-मालवणला. गावी राहिलेला भाऊ किंवा काका बोट चालवतो आणि इकडे नोकरी करणारा भाऊ अडीअडचणीला पैसे पाठवतो. मे महिना संपत आला की गावाहून फोन येतो, "इंजिनाने यंदा फार त्रास दिला. मिस्त्री म्हणतो, आता नवीनच टाका."

एवढ्या मोठ्या रकमेचा निर्णय अशा वेळी फोनवर आणि घाईत होतो. कधी नुसत्या दोन नळ्या बदलून भागणार असते आणि घरावर कर्ज होऊन बसते. कधी उलटे घडते. बदलायलाच हवे असलेले इंजिन "अजून एक हंगाम काढू" म्हणून रेटले जाते आणि ते नेमके वाऱ्या-लाटांत बंद पडते. तिथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही, बोटीवरच्या माणसांच्या जिवाचा होतो. म्हणून इंजिनाची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, दुरुस्ती केव्हा पुरे, बदल केव्हा अटळ आणि बदलताना काय विसरू नये, हे सर्व एकत्र लिहावे असे वाटले. यातले बरेचसे शेतीपंपाच्या इंजिनाला आणि कारखान्यातल्या जनरेटरलाही लागू आहे, त्यामुळे बोट नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

शीड, मग इंजिन

आपल्या किनाऱ्यावरचे मचवे, पडाव आणि होड्या पिढ्यान् पिढ्या शिडावर आणि वल्ह्यांवर चालल्या. मासेमारीच्या बोटींना इंजिने बसू लागली ती स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत, सरकारी मदत आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्या आधाराने. इंजिनेही आपल्याच राज्यात तयार होत होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा खडकीचा कारखाना १९४६ सालचा, आणि साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नावही जुन्या मंडळींना चांगले परिचित आहे.

इंजिन आले तसे शीड मागे पडले. पूर्वी वारा पडला तर वल्ही होती, आता बऱ्याच बोटींवर इंजिनाशिवाय दुसरे साधनच नाही. खऱ्या शिडाच्या बोटीवर इंजिनाची जागा वेगळी असते. गोव्यातील दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली नौदलाची 'म्हादेई' घ्या. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून, वाटेत कुठेही न थांबता, ती पुन्हा पूर्ण केली. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जगातली पहिली न थांबता एकट्याने केलेली प्रदक्षिणा 'सुहेली' या ३२ फुटी बोटीतून केली. ती सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. या प्रवासांत बोट पुढे नेणारे शीड होते, इंजिन नव्हे.

सहलीच्या किंवा शर्यतीच्या शिडाच्या बोटीला इंजिन लागते ते बंदरात शिरताना-निघताना, वारा पडल्यावर आणि बॅटऱ्या चार्ज करायला. म्हणजे ते वर्षाकाठी थोडेच तास चालते. मासेमारीच्या बोटीचे इंजिन मात्र हंगामात रोज कित्येक तास राबते. पहिले बहुतेक वेळा गंजून मरते, दुसरे झिजून. तपासणी करताना हा फरक लक्षात ठेवावा.

डिझेल इंजिनाला काय लागते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचे आकारमान साधारण सोळा ते बाविसाव्या हिश्श्यावर येते आणि ती ५०० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते आणि तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत ज्या तत्त्वावर इंजिन चालवून दाखवले, तेच तत्त्व आजही आहे.

यावरून एक सोपा नियम निघतो. डिझेल इंजिनाला स्वच्छ हवा, योग्य क्षणी योग्य तितके स्वच्छ डिझेल आणि पुरेसा दाब एवढेच हवे. त्याच्या जोडीला थंडावा आणि वंगण असले की ते वर्षानुवर्षे चालते. इंजिन रुसले की या पाचांपैकी काय कमी पडले, एवढेच शोधायचे असते. शोधायचे तेही स्वस्तापासून महागाकडे. आधी बॅटरी, मग डिझेलची लाइन, मग नोझल आणि पंप, आणि सर्वांत शेवटी हेड उघडणे. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो आणि खर्च वाढतो.

चालूच होत नाही तेव्हा

स्टार्टर दाबल्यावर इंजिन जड-जड फिरते की जोरात फिरते, हे आधी ऐकावे.

जड फिरत असेल तर दोष बहुतेक विजेचा. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ दाखवत असेल तर ती जवळपास अर्धी रिकामी आहे. बॅटरी चांगली असेल तर तारांची टोके पाहावीत. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो आणि वीज अडते. टोके घासून, आवळून, वर ग्रीस लावले की अर्धी भांडणे मिटतात. बारक्या होड्यांवरच्या हँडलच्या इंजिनाला हा प्रश्न येत नाही, पण तिथे हँडल मारण्यापूर्वी दाब सोडणारा खटका नीट उठतो का, ते पाहावे.

इंजिन जोरात फिरते, पण धुराड्यातून धूरच येत नाही, असे असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. बंद करायचा खटका मागे आला आहे का, टाकीचा कॉक उघडा आहे का, फिल्टर तुंबला आहे का, हे क्रमाने पाहावे. त्यानंतर शंका हवेची. लाइनमध्ये कुठेही हवा शिरली की पंप डिझेलऐवजी हवा दाबत बसतो. मिस्त्री ज्याला 'हवा धरली' म्हणतात ते हेच. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा. फेस जाऊन सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. मग तेच इंजेक्शन पंपावर करावे. शेवटी नोझलच्या नळीचे नट ढिले करून इंजिन फिरवावे. एकदा हवा काढूनही दुसऱ्या दिवशी तोच त्रास झाला, तर कुठेतरी वॉशर किंवा जुनी रबरी नळी हवा ओढते आहे. ती शोधल्याशिवाय रोज हवा काढत बसण्यात अर्थ नाही.

इथे दोन इशारे. नोझलमधून निघणारा फवारा इतक्या जोराचा असतो की तो कातडीत घुसतो, त्यामुळे हात समोर धरू नये. दुसरा इशारा बोटीपुरता आहे. ज्या इंजिनात समुद्राचे पाणी थंडावा देऊन धुराबरोबर बाहेर जाते, ते पुन्हा पुन्हा नुसते फिरवत राहिले तर पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. पाणी सायलेन्सरमध्ये साचते आणि उलटे सिलिंडरमध्ये उतरते. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करूनच पुढचे प्रयत्न करावेत, आणि इंजिन धरताक्षणी तो उघडावा. धडधाकट इंजिनांचे अशा वेळी कायमचे नुकसान होते.

इंजिन फिरते, पांढरा धूर येतो, पण ते धरत नाही, असे असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. नोझल फवाऱ्याऐवजी धार सोडत असेल, पंपाचा टायमिंग हलला असेल, किंवा दाब कमी झाला असेल.

धुराचा रंग

चालू इंजिनाचा धूर त्याची प्रकृती सांगतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर कोंदला असेल, नोझल खराब असेल. पण बोटीच्या बाबतीत आधी पाण्याखाली पाहावे. तळाला कालवे आणि शेवाळ चढले असेल, पंख्यात जाळे किंवा दोर अडकला असेल, तर इंजिनावर बोजा वाढतो आणि ते काळे ओकू लागते. इंजिनाचा यात काही दोष नसतो.

निळा धूर म्हणजे इंजिन तेल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. हा धूर एका दिवसात येत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण दर फेरीला किती तेल भरावे लागते, ते वहीत लिहायला लागावे.

पांढरा धूर सकाळी सुरुवातीला येऊन थोड्या वेळाने गेला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही तो राहिला, आणि रेडिएटरसारख्या टाकीतले गोडे पाणी रोज कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. गॅस्केट गेले असेल किंवा हेडला तडा असेल. असे इंजिन घेऊन समुद्रात जाऊ नये.

इंजिन तापते

कारखान्यातल्या जनरेटरला रेडिएटर आणि स्वच्छ पाणी मिळते. बोटीचे इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होते. त्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या इंजिनांत खारे पाणी थेट ब्लॉकमधून फिरते. नव्या पद्धतीत इंजिनातून गोडे पाणी फिरते आणि ते हीट एक्स्चेंजरमध्ये खाऱ्या पाण्याने थंड केले जाते. पहिल्या पद्धतीत पाणी फार तापू दिले तर क्षार आत बसतात, म्हणून तिचा थर्मोस्टॅट कमी तापमानाचा, साधारण ५५ ते ६० अंशांचा असतो. गाडीचा थर्मोस्टॅट आणून तिथे बसवला की वाहिन्या खडूसारख्या थराने भरत जातात.

तापमान वाढले की धुराड्याच्या तोंडाशी पाणी किती पडते ते पाहावे. पाणी कमी असेल तर बाहेरून आत या. आधी पाणी घेण्याच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का, ते पाहा. मग पंपातला रबरी इम्पेलर. त्याचे एखादे पान तुटले असेल तर तो तुकडा पुढे नळीत अडकलेला असतो, तोही शोधून काढायला हवा. मग हीट एक्स्चेंजर. शेवटी धुराचा वाकडा पाइप, जिथे पाणी आणि धूर एकत्र येतात. त्यात क्षार आणि काजळी साचून भोक निम्मे होते आणि सारे इंजिन घुसमटते. हा पाइप कोणी उघडत नाही, पण जुन्या इंजिनात तो सर्वांत आधी उघडण्यासारखा आहे.

तेलाची काठी आणि दाबाची चाचणी

रोज सकाळी तेलाची काठी पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. तेल दुधट, चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. तेलाची पातळी आपोआप वाढली असेल तर डिझेल किंवा पाणी खाली उतरते आहे. दोन्ही वेळा इंजिन तसेच चालवले तर बेअरिंगे जातात आणि मग क्रँकशाफ्टचा खर्च निघतो.

हेड उघडण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. मिस्त्रीकडे गेज असते. चांगल्या इंजिनात तो साधारण २५ ते ३० बार असतो, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात मिळतो. एकूण आकड्याइतकेच सिलिंडरांमधल्या फरकाकडे लक्ष द्यावे. एकच सिलिंडर खूप कमी दाखवत असेल तर दोष त्या एका जागेचा आहे, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सर्वच सारखे कमी दाखवत असतील तर इंजिन खरोखर झिजले आहे. "इंजिन संपले" असे कोणी म्हटले तर हे आकडे कागदावर मागून घ्यावेत. पैसे देणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

दुरुस्ती की बदल? चार प्रश्न

पहिला प्रश्न ब्लॉकचा. रिंगा, लायनर, पिस्टन, बेअरिंगे, नोझल हे सर्व बदलता येते. ब्लॉक बदलता येत नाही. थेट खाऱ्या पाण्यावर चाललेल्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक आतून खाल्ला जातो. लायनर बसतो ती कडा गंजून पातळ झाली असेल तर नवा लायनर घालूनही पाणी तेलात उतरते. अशा ब्लॉकवर पैसे घालू नयेत.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. देशात सर्वत्र चालणाऱ्या इंजिनाचे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात. परदेशातून आलेल्या, बंद झालेल्या मॉडेलचा एक पंप मिळायला दोन महिने लागले तर हंगाम निघून जातो. इंजिन धडधाकट असले तरी केवळ या कारणाने बदल शहाणपणाचा ठरू शकतो.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. पूर्ण ओव्हरहॉलचा अंदाज नव्या इंजिनाच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर बदलाचा विचार करावा, असा व्यवहारातला ढोबळ आडाखा आहे. मात्र नव्या इंजिनाची किंमत म्हणजे दुकानातला आकडा नव्हे. त्यात पाया, गिअर बॉक्स, शाफ्ट, कपलिंग, पंखा, धुराचा पाइप, वायरिंग आणि मजुरी मिळवावी लागते. हे सर्व धरूनच तुलना करावी.

चौथा प्रश्न भरवशाचा, आणि तो सर्वांत मोठा. वहीत गेल्या दोन हंगामांत इंजिन किती वेळा समुद्रात बंद पडले, ते पाहा. दर वेळी कारण एकच निघाले असेल, समजा डिझेलमधली घाण, तर इंजिन बदलूनही तोच त्रास होईल, कारण टाकी तीच आहे. दर वेळी वेगळे कारण निघत असेल तर इंजिन सर्व बाजूंनी थकले आहे. त्याला निवृत्ती द्यावी.

ट्रकचे जुने इंजिन स्वस्तात घेऊन बोटीत बसवण्याचा मार्गही पुष्कळ ठिकाणी चालतो. ते चुकीचे नाही, पण दोन गोष्टी समजून घ्याव्यात. ट्रकचे इंजिन चढाला जोर लावते आणि उताराला विसावते. बोटीचे इंजिन तासन् तास एकाच बोजाखाली असते. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले तर ३,००० तास म्हणजे ट्रकचे १,२०,००० किलोमीटर होतात. दुसरे म्हणजे थंडावा, धुराचा पाइप आणि तिरक्या बसवणीला चालेल असा तेलाचा चेंबर, हे सर्व समुद्रासाठी बदलून घ्यावे लागते. ते न करता नुसते इंजिन उतरवून ठेवणे म्हणजे फसवी बचत.

किती अश्वशक्ती?

बदलायचे ठरले की "थोडे मोठेच घेऊ" असा आग्रह होतो. पाणी कापत चालणाऱ्या जड बोटीच्या वेगाला निसर्गाने मर्यादा घातली आहे. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत, म्हणजे नॉटमध्ये येते. २५ फुटांच्या बोटीला ६.७ नॉट, ३६ फुटांच्या बोटीला सुमारे ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आत-बाहेर. त्याच्या पुढे कितीही अश्वशक्ती लावली तरी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत राहते आणि डिझेल जळते.

डिझेल इंजिन पूर्ण बोजावर दर अश्वशक्तीला तासाला साधारण ०.२ लिटर डिझेल पिते. ४० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात तासाला ८ लिटरच्या आसपास खाते. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते. फेरे २,५०० वरून २,००० वर आणले, तर शक्ती जवळपास निम्मीच लागते, वेग मात्र त्या मानाने थोडाच कमी होतो. वादळात आणि भरतीच्या ओढीविरुद्ध थोडी शिल्लक शक्ती हवी, हे खरे. पण कायम अर्ध्या बोजाखाली चालणारे अवाढव्य इंजिन काजळी धरते आणि खिसाही रिकामा करते.

बसवताना

नवे इंजिन बहुधा जुन्यापेक्षा हलके आणि जास्त फेऱ्यांचे असते. हलके झाल्याने बोटीचा मागचा भाग वर उठतो. मग वजन हलवून बोट सरळ करावी लागते. फेरे बदलल्याने जुना पंखा जुळेलच असे नाही. बोट पाण्यात उतरल्यावर खटका पूर्ण ओढून पाहावा. इंजिन कंपनीने सांगितलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल आणि काळा धूर येत असेल, तर पंखा जड आहे. सहज पुढे जात असेल तर पंखा हलका आहे. पंख्याची फिरण्याची दिशाही नव्या गिअर बॉक्सशी जुळते का, ते आधीच पाहावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याकडे. लाकडी बोट किनाऱ्यावर टेकलेली असताना एका आकाराची असते, पाण्यात तरंगताना थोडी वेगळी होते. म्हणून शेवटची जुळणी बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवस झाल्यावरच करावी. कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फीलर गेजने मोजावी. चार इंची चकतीला या चार जागांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. ही जुळणी चुकली तर थरथर वाढते, ग्लँडमधून पाणी येते आणि नव्या गिअर बॉक्सचे बेअरिंग लवकर जाते.

जुन्या टाकीला नवे इंजिन जोडण्यापूर्वी टाकी धुऊन घ्यावी, आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. इंजिन बदलल्यावर नोंदणीच्या कागदांवर इंजिनाचा नवा क्रमांक आणि अश्वशक्ती चढवून घ्यावी, विम्यालाही कळवावे. अपघातानंतर कागद आणि इंजिन जुळले नाहीत तर कुटुंबाच्या हाती काही पडत नाही.

पावसाळ्यातली तयारी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढून शाकारल्या जातात, आणि इंजिनांची कामेही याच काळात निघतात. इथे एक सूचना महत्त्वाची वाटते. बोजाखालची चाचणी बोट पाण्यात असतानाच होते. किनाऱ्यावर पंखा हवेत असतो, त्यामुळे काळा धूर, तापणे, फेरे कमी पडणे यांतले काहीच नीट कळत नाही. म्हणून मे महिन्यात, बोट ओढण्यापूर्वी, मिस्त्रीला एकदा समुद्रात घेऊन जावे आणि तासभर पूर्ण बोजावर चालवून सर्व आकडे लिहून घ्यावेत. निर्णय त्या कागदावरून घ्यावा.

बोट ओढल्यावर पुढील गोष्टी कराव्यात :

१. इंजिन गरम असतानाच जुने तेल काढून नवे भरावे. वापरलेल्या तेलातली आम्ले दोन महिने बेअरिंगांवर राहू देऊ नयेत.

२. खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुऊन काढावी आणि इम्पेलर काढून ठेवावा.

३. डिझेलची टाकी भरून ठेवावी. अर्धी टाकी राहिली तर दमट हवेतले पाणी आत साचते आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंची बुळबुळीत काळी साय वाढते. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीत फिल्टर तुंबण्याचे कारण बहुधा हेच असते.

४. धुराड्याचे तोंड आणि हवेची वाट कापडाने बंद करावी, आणि तसे लिहून इंजिनावर चिठ्ठी बांधावी.

५. बॅटरी घरी आणावी. दर पंधरवड्याला इंजिन हाताने थोडे फिरवावे, म्हणजे रिंगा लायनरला धरत नाहीत.

समुद्रात बंद पडलेच तर

दमणगंगा आपल्या मधुबन धरणाखालून वाहत जाऊन नानी दमण आणि मोटी दमण यांच्यामधून समुद्राला मिळते. त्या मुखाशी आणि एकूणच या पट्ट्यात भरती-ओहोटीची ओढ फार मोठी असते. बंद पडलेली बोट पाहता पाहता खडकांकडे किंवा वाळूच्या दांड्याकडे जाते. म्हणून इंजिन बंद पडले की आधी इंजिनाकडे धावू नये. पाणी उथळ असेल तर आधी नांगर टाकावा. बोट जागेवर थांबली की मगच डिझेल, फिल्टर, हवा असा क्रम धरावा. बोटीवर एक लहान शीड आणि ते उभारण्याची सोय असेल, आणि खलाशांना त्याची सवय असेल, तर वाऱ्याच्या बाजूने किनारा गाठता येतो. आजोबांना येत होते ते नातवाला येऊ नये, असे काही नाही.

जोडीला सुटे डिझेल फिल्टर, एक इम्पेलर, एक पट्टा, नळ्यांचे क्लिप आणि लागणारे पाने एका डब्यात कायम बोटीवर असावेत. मदत लागल्यास व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक सर्व खलाशांना पाठ हवा. तटरक्षक दलाचे विमानतळ दमणलाच आहे.

इंजिन नवे असो वा जुने, त्याच्याजवळ एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवावी. किती तास चालले, किती डिझेल, किती तेल, तापमान किती, काय बिघडले, कोणी काय बदलले, एवढे लिहिले तरी पुरे. पुढच्या मे महिन्यात गावाहून फोन आला की या वहीच्या पानांचे फोटो मागवावेत आणि ते समोर ठेवून बोलावे. आपल्या मंडळात सिल्वासाच्या कारखान्यांत इंजिने आणि जनरेटर सांभाळणारे अनुभवी सभासद आहेत. पैसे पाठवण्यापूर्वी ती पाने त्यांच्यापैकी कोणाला तरी जरूर दाखवावीत.